सरांनासुद्धा सांगायचं नाही

देविदास सरांना आमच्या केंद्रातले बरेच जण शिक्षक म्हणून ओळखत नाहीत. 'ज्यांना ओटीपी सांगायचा ते' अशी त्यांची ओळख आहे.

डोंगरकड्याच्या आसपासच्या बारा जिल्हा परिषद शाळांचं मिळून आमचं केंद्र. शिक्षक चाळीसच्या आत-बाहेर. हल्ली शाळेचं सगळं काही ऑनलाइन भरावं लागतं. हजेरी, खिचडी, गणवेश, बुटांची मापं, नळांच्या तोट्या, त्यातल्या चालू किती आणि बंद किती. दर माहितीला निराळं पोर्टल, दर पोर्टलला निराळा पासवर्ड. चाळीस जणांनी यावर एकच उपाय काढला होता, तो म्हणजे देविदास सर. शाळा सुटली की त्यांचा फोन सुरू व्हायचा. "सर, सहा आकडे आलेत, घ्या लिहून." कशाचे आकडे, हे सांगणाऱ्याला ठाऊक नसे. भागवत गुरुजींनी तर मुलीच्या लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना, मांडवातून फोन करून आकडे सांगितले होते. सर त्याच लग्नाला आले होते. त्यांनी ते पंगतीत बसून भरले आणि मग जिलेबीला हात लावला.

सगळ्या शाळांचे पासवर्ड सरांच्या वर्गातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर होते. गुप्त होते, म्हणजे कपाट बंद असताना दिसत नसत.

मी सरांच्याच शाळेत सहा वर्षं मुख्याध्यापक होतो, आता केंद्रातल्याच दुसऱ्या शाळेत आहे, त्यामुळे हा माणूस मला जवळून ठाऊक आहे. वय त्रेचाळीस, अंगानं किडकिडीत, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. आवाज एवढा हळू की मागच्या रांगेतली पोरं आपोआप पुढं सरकून बसतात. डोंगरकड्याहून अकरा किलोमीटर मोटरसायकलवर खांडीच्या तांड्याला जायचं, हे त्यांचं चौदा वर्षं चालू आहे. तांड्यातली लेकरं घरी गोरमाटी बोलतात. पहिलीत आलेल्या लेकराला 'खाली बस' म्हटलेलं कळत नाही, ते घाबरून रडायला लागतं. म्हणून सर पहिल्याच वर्षी गोरमाटी शिकले. "सरांचं गोरमाटी ऐकून आमची म्हैस हसती," असं तांड्याचे नायक उत्तमसिंग अजून म्हणतात. पण लेकरं रडायची थांबली, हेही तेच सांगतात.

शाळेला एक संगणक मिळाला होता. तो आला तेव्हा वीज नव्हती, आणि वीज आली तेव्हा तो चालत नव्हता. सरांनी व्हरांड्याच्या फरशीवर तैलरंगानं कीबोर्ड काढला. एका अक्षराला एक फरशी. पोरांनी उड्या मारत आपलं नाव लिहायचं. ज्याचं नाव लांब त्याचा व्यायाम जास्त. उत्तमसिंगांच्या नातवानं घरी जाऊन नाव बदलून मागितलं होतं. दोन वर्षांनी खरा टॅब आला, तेव्हा चौथीच्या पोरांना अक्षरं कुठं आहेत ते पाहावं लागलं नाही. बोट जागेवर जायचं. फक्त एकदोघं अक्षर दाबताना जागच्या जागी थोडी उडी मारायची.

गेल्या जूनमध्ये वरून पुस्तिका आली. प्राथमिक शाळेतल्या मुलांना डिजिटल जगात जबाबदारीनं वागायला शिकवायचं होतं. त्यासाठी आधी शिक्षकांचं दोन दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण झालं. पहिलाच धडा होता, 'आपला ओटीपी कुणालाही सांगू नये.' प्रशिक्षणाची हजेरी लावायला ओटीपी लागत होता. चाळीसच्या चाळीस जणांनी तो देविदास सरांना सांगितला. केंद्राची हजेरी शंभर टक्के लागली.

बाकीच्यांनी पुस्तिका कपाटात ठेवली. सरांनी वाचली. हा त्यांचा जुना दोष आहे.

वाचून दाखवलेलं पोरांच्या डोक्यात राहत नाही, म्हणून त्यांनी खेळ काढला. एकानं चोर व्हायचं आणि खडूचा डबा कानाला लावून फोन करायचा. दुसऱ्याच्या हातात कागदावर लिहिलेले सहा आकडे. चोरानं गोड बोलून, दटावून, रडून ते काढून घ्यायचे. समोरच्यानं तीनच प्रश्न विचारायचे: कशासाठी पाहिजे? कुणाला पाहिजे? नाही दिलं तर काय होईल? पोरं अशा कामात उपजत हुशार असतात. कुणी पोलीस झालं, कुणी बँकेचा साहेब, तर एक पोरगी मामाचा मुलगा होऊन ढसाढसा रडली. आठ दिवसांत कुणी कुणाला फसेना.

मग चौथीतल्या निलमनं चोर होऊन नवाच डाव टाकला. खडूचा डबा कानाला लावून ती हळू आवाजात म्हणाली, "मी देविदास सर बोलतो. आकडे सांग बरं बाळा."

समोरच्यानं सांगून टाकले. दुसऱ्यानंही सांगितले. तिसरीची सगळी रांग फसली.

वर्ग हसला, पण सर हसले नाहीत. उभे राहून त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'सरांनासुद्धा सांगायचं नाही.' आणि म्हणाले, "फोनवर तर नाहीच. मी स्वतः दारात येऊन मागितले तरी नाही. घरी जाऊन सगळ्यांना सांगा. हाच आजचा अभ्यास."

निलमला अभ्यास दिला की ती तो जरा जास्तच करते. तिनं फक्त आपल्या घरी सांगितलं नाही. संध्याकाळी ती तांड्यातली चौतीस घरं फिरली. ज्यांच्या घरी शाळेत जाणारं लेकरू नव्हतं, त्यांनाही सांगितलं. एक म्हातारा बहिरा होता, त्याला दोनदा सांगितलं.

पुढच्याच पंधरवड्यात उत्तमसिंगांना एक फोन आला. बिल थकलंय, आज वीज तोडतो, आलेला आकडा सांगा. उत्तमसिंग चष्मा लावून आकडा वाचायला लागले होते. नातू अंगणातून ओरडला, "आजा, कशासाठी ते इचारा आधी!" त्यांनी विचारलं. कुणाला पाहिजे, तेही विचारलं. तिसरा प्रश्न विचारेपर्यंत पलीकडच्यानं दोन शिव्या देऊन फोन ठेवला. त्या शिव्या उत्तमसिंगांनी महिनाभर ज्याला त्याला कौतुकानं सांगितल्या. तांड्याला कळून चुकलं की सर सांगतात ते खरं असतं.

सप्टेंबर उजाडला.

सप्टेंबरअखेरीस पोर्टलवर जेवढी मुलं पक्की दिसतात, त्यावरून शाळेत शिक्षक किती ठेवायचे ते ठरणार होतं. खांडीच्या तांड्याला दोन शिक्षक राहायचे तर एकवीस मुलं पाहिजे होती. शाळेत बरोबर एकवीसच होती. कुणाला गोवर निघाला तरी मुख्याध्यापिका साधनाबाई हजेरीपट पुन्हा मोजायच्या.

त्या वर्षी पोर्टलवर एक नवी अट आली. एक मोबाईल नंबर दोनपेक्षा जास्त मुलांना चालणार नाही, आणि तो पालकाचाच पाहिजे. एकवीसपैकी नऊ मुलांच्या नावापुढं एकच नंबर निघाला. तो देविदास सरांचा होता.

यात लपवाछपवी काही नव्हती. या मुलांची नावं घातली तेव्हा त्यांच्या घरात मोबाईल नव्हता, किंवा होता तो बाप ऊसतोडीला घेऊन गेला होता. रकाना रिकामा ठेवला तर पोर्टल पुढं सरकत नसे. अशा वेळी शिक्षक आपला नंबर घालतो आणि विसरून जातो. आमच्या सगळ्यांच्या शाळांत हेच झालंय. मीसुद्धा घातलेत. आता नऊ नावांपुढं लाल फुली आली. ती काढायला घरच्यांचा नंबर पाहिजे होता, आणि त्या नंबरवर आलेला ओटीपी.

एकवीसातून नऊ गेले की बारा. बारा मुलांना एक शिक्षक. मग साधनाबाई राहणार, आणि देविदास सर सेवेनं लहान म्हणून अतिरिक्त ठरणार. अतिरिक्त शिक्षकाला जिथं जागा रिकामी असेल तिथं जावं लागतं. त्या वर्षी ती औंढ्याकडं, सिद्धेश्वर धरणाच्या पलीकडं होती. पहिलीतली तीन नवी लेकरं नुकती कुठं रडायची थांबली होती, त्यांच्याकडं सर जरा जास्त वेळ बघायला लागले, असं साधनाबाईंनी मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सर निलमच्या घरी गेले. मी सोबत होतो. निलमचे आई-बाप कामाला पुण्याकडं, आजी अनुसयाबाई घर सांभाळते. घरात आता मोबाईल होता. सरांनी शाळेच्या टॅबवर तिचा नंबर घातला. तिच्या कमरेच्या पिशवीत मोबाईल वाजला.

"आजी, मोबाईलवर एक आकडा आला असेल बघा. तेवढा सांगा."

निलमनं मोबाईल बघितला आणि आजीच्या हातात परत दिला.

"आला ना. सहा आकडे हायेत म्हणती निलम."

"मग सांगा."

"न्हाई."

"आजी, शाळेच्या कामाचा आहे."

"चोर बी कामाचंच सांगतेत, म्हणती ही."

"अहो, मी चोर दिसतो का?"

"न्हाई दिसत. चोर दिसला आस्ता तर फसलं कोण आस्तं?" अनुसयाबाईनं सुपातली डाळ बाजूला ठेवली. "मास्तर, तुमी म्हैस मागा, दावं सोडून हातात देते. घराची किल्ली मागा, ही घ्या. पर ह्ये आकडे न्हाई मिळायचे. आमच्या पोरीच्या मास्तरानं सांगून ठिवलंय."

"तो मास्तर मीच आहे, आजी."

"व्हय ना. म्हणून तर ऐकून राहिले."

सरांनी निलमकडं पाहिलं. निलम गंभीर होती. परीक्षेला बसल्यासारखा तिचा चेहरा होता, आणि आपण पास झालो हे तिला कळलं होतं.

पुढच्या घरी तेच झालं. त्याच्या पुढच्या घरी चहा मिळाला आणि तेच झालं. उत्तमसिंग तर शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, आणि नऊमधला एक त्यांचा नातू. तिथं तरी काम होईल असं वाटलं होतं. त्यांनी आम्हाला बाजेवर बसवलं आणि मान हलवली.

"सर, दुसऱ्या कुणी आकडे दिले आस्ते तर मी बी दिले आस्ते. पर मी अध्यक्ष हाये. मीच नियम मोडला तर पोरं काय म्हणतील?"

"पण हा नियम माझाच आहे ना, नायक."

"बराबर हाये. नियम लई चांगला हाये. मला दोन शिव्या पडल्या त्याच्यानं."

नऊ घरं झाली, आकडा एकही मिळाला नाही. चौदा वर्षांत सरांचा एखादा धडा एवढा पक्का बसला नव्हता.

साधनाबाई व्यवहारी आहेत. त्या म्हणाल्या, "एवढं काय अवघड आहे? उद्या परिपाठाला सांगा, बाकी कुणाला नाही पण सरांना सांगितलं तर चालतं. एका वाक्याचं काम."

"मग पोरं विचारतील, आणखी कुणाकुणाला चालतं. आणि चोर पहिलं वाक्य तेच बोलेल, बाई. निलमनं बोलून दाखवलंय."

"बोलू द्या. तुम्ही तिकडं धरणाच्या पलीकडं बसा, अन् ऐका इथलं."

भागवत गुरुजींचा उपाय आणखी सोपा होता. त्यांच्या शाळेत असे चौदा नंबर निघाले होते आणि त्यांनी ते एका दुपारी निकालात काढले होते. बायकोचा, मेव्हण्याचा, जावयाचा, दूधवाल्याचा असे घरबसल्या नंबर घातले आणि आकडे विचारून घेतले. "देविदास सर, चार नंबर मी देतो. पाच तुमच्या पाहुण्यांतले बघा. पोर्टलला थोडंच कळतंय पालक कोण अन् मेव्हणा कोण!"

सर घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला सांगितलं, की बायकोचा, ज्योतीताईंचा, नंबर त्यांनी निलमच्या नावापुढं घातला होता. ओटीपी आला. ज्योतीताईंनी स्वयंपाकघरातून आकडे सांगितलेही. सरांचं बोट चौथ्या आकड्यापाशी थांबलं. "पुन्हा तेच करतोय असं वाटलं," ते म्हणाले. "मागच्या वेळी माझा नंबर, या वेळी हिचा. पोरगी दहावीला गेली तरी तिच्या शाळेचा निरोप माझ्या स्वयंपाकघरात येणार." त्यांनी तीन आकडे पुसले.

उरले चार दिवस. तेव्हा सरांच्या ध्यानात आलं, की आकडा सरांना सांगायलाच पाहिजे असं पोर्टलनं कुठं म्हटलेलं नाही. ज्याचा आहे त्यानंच तो भरायचा. ही इतकी सरळ गोष्ट आमच्या केंद्रात त्याआधी कुणाला सुचली नव्हती, कारण भरायचं काम सरांचं आणि सांगायचं काम बाकीच्यांचं, हे आम्ही देवानं नेमून दिल्यासारखं धरून चाललो होतो.

सरळ गोष्टीला वेळ फार लागतो. एक तर सोयाबीन काढणी चालू होती, माणसं दिवसभर रानात. दुसरं म्हणजे घरांत रेंज यायची-जायची; टॅबला आणि मोबाईलला एकदम टिकून यायची ती टेकावरच्या पाण्याच्या टाकीपाशी, आणि आकडा टिकायचा दहा मिनिटं. सरांनी टाकीच्या ओट्यावर सतरंजी टाकली. दुपारच्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर एकेक घर तिथं यायचं. हातात विळे, डोक्याला टॉवेल, साड्यांना सोयाबीनची कुसं चिकटलेली.

पालकांनी टॅब हातात घ्यायचा. मोबाईल निलमनं वाचायचा आणि आकड्यांवर बोट ठेवून दाखवायचा. निरोप इंग्रजीत येई, त्याचा अर्थ सर सांगत. मग निलम साधनाबाईंना विचारी, "बाई, सर खरं सांगून राहिले का?" साधनाबाई चष्मा चढवून वाचत आणि म्हणत, "खरं आहे." एवढं झालं की सर उठून पाठ फिरवून उभे राहत, कारण आकडे दिसायला नकोत. नऊच्या नऊ वेळा तांड्याकडं पाठ करून ते समोरच्या डोंगराकडं बघत उभे होते. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटलं असतं, मास्तरला शिक्षा झालीय.

पहिल्या दिवशी दोन झाले. दुसऱ्या दिवशी एक, कारण रेंज गेली. तिसऱ्या दिवशी चार. शेवटच्या दिवशी सकाळी उत्तमसिंगांनी आपला भरला. चष्मा पुसून, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत भरला. सरांनी कानात बोटं घातली.

राहिली अनुसयाबाई. ती रानातून आली तेव्हा चार वाजून गेले होते. पोर्टल पाचला बंद होणार होतं.

रेशनच्या दुकानात अंगठा दाबायची सवय. तिनं टॅबवरही अंगठाच दाबला, आणि असा दाबला की तीनचे चार तीन उमटले. निलमनं पुसले. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला आकडा बाद झाला आणि नवा मागवावा लागला.

"आधीच्याचं काय झालं?" अनुसयाबाईनं विचारलं.

"तो मेला, आजी," सर पाठमोरे राहूनच म्हणाले.

"दहा मिनिटांत?"

"हो."

"दहा मिनिटांत मरणारी गोष्ट, ती येवढी लपवायची काहून?"

"तेवढ्यात घर धुऊन नेतात, आजी."

ती जरा विचारात पडली. मग पदर पसरून तिनं टॅब आणि मोबाईल दोन्ही झाकले. नातीला म्हणाली, "तू बी तिकडं बघ." निलम सरांच्या शेजारी जाऊन डोंगराकडं तोंड करून उभी राहिली. साधनाबाईंनी घड्याळ पाहिलं, चार अठ्ठेचाळीस. पदराखाली अनुसयाबाई करंगळीनं, तव्यावरची भाकर चाचपावी तसे, आकडे दाबत होती. दोन वेळा ती स्वतःशीच गोरमाटीत काहीतरी बोलली. ते सरांना कळलं असावं, कारण त्यांच्या मानेवर हसू दिसलं.

"हिरवं आलं बगा," ती म्हणाली.

साधनाबाईंनी टॅब हातात घेतला आणि एकवीस नावं वरून खाली बोट ठेवून मोजली. मग खालून वर मोजली.

दुसऱ्या शिक्षकाचं पद वाचलं. तांड्यात त्या संध्याकाळी कुणी सत्कार वगैरे केला नाही. सोयाबीन आत घ्यायचं होतं, आभाळ भरून आलं होतं.

पुढं ऑक्टोबरात वरच्या कचेरीनं नंबर तपासले. एकेका नंबरावर फोन करून विचारलं, तुमचा पाल्य कोणत्या वर्गात शिकतो? भागवत गुरुजींच्या दूधवाल्यानं सांगितलं, माझ्या म्हशी शाळेत जात नाहीत. बऱ्याच शाळांच्या नावांवर पुन्हा लाल फुल्या आल्या. तालुक्यात अशी एकच शाळा निघाली, जिथल्या प्रत्येक पालकानं बरोबर उत्तर दिलं. काहींनी तर उत्तर देण्याआधी 'कशासाठी पाहिजे?' असं विचारलं, याचाही शेऱ्यात उल्लेख होता.

देविदास सरांना प्रशस्तिपत्र मिळालं. त्यासोबत दुसरा कागद होता. तालुक्यातल्या सगळ्या शाळांच्या नोंदी दुरुस्त करण्यासाठी श्री. देविदास यांची सेवा पुढील आदेशापर्यंत कळमनुरीच्या कार्यालयात वर्ग करण्यात येत आहे. मूळ पद खांडीच्या तांड्यावरच राहील.

केंद्रात सगळ्यांनी अभिनंदन केलं. पंख्याखाली खुर्ची, रोजचा आड रस्ता सुटला, आणि साहेबांच्या नजरेत आले. भागवत गुरुजी म्हणाले, "आता तर तुम्हाला ओटीपी सांगायला सोपं. कचेरीचाच नंबर." सर सगळ्यांना 'हो, हो' म्हणत होते. धरणाच्या पलीकडं जायचं टळावं म्हणून त्यांनी टाकीवर चार दिवस काढले होते. आता ते धरणाच्या अलीकडंच राहिले, फक्त शाळेत नव्हते.

सोळा दिवस ते कळमनुरीला गेले. इकडं पहिलीतलं एक लेकरू पुन्हा दारात बसून रडायला लागलं. साधनाबाई चार वर्ग, खिचडी आणि टपाल एकट्या बघत होत्या. त्यांनी त्या लेकराला बिस्किट दिलं, ते त्यानं खाल्लं आणि पुन्हा रडलं.

सतराव्या दिवशी कळमनुरीचा आठवडी बाजार होता. अनुसयाबाई, आणखी चार बायका आणि उत्तमसिंग बाजाराच्या पिशव्या घेऊनच कचेरीत गेले. देविदास सर कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते. त्यांना बघून ते उठले, पण अनुसयाबाई थेट विस्तार अधिकाऱ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली. अधिकारी मनानं चांगले. त्यांनी खुर्च्या मागवल्या. बायका खाली बसल्या.

"साहेब, आमच्या शाळंला मास्तर किती?"

अधिकाऱ्यांनी संगणकात बघितलं. "दोन आहेत, मावशी. दोन्ही पदं भरलेली."

"एक त्ये बसलेत ना तिथं."

"ते इथं कामाला आहेत. पण पद तुमच्याकडंच आहे."

"पद फळ्यावर लिहितं का?"

कचेरीतल्या बाबूनं तोंडावर फाईल धरली. उत्तमसिंग पुढं झाले. "साहेब, सरांनी आमाला शिकवलंय, कुणी काही मागितलं तर तीन गोष्टी इचारायच्या. सर इथं कशासाठी पाहिजेत? कुणाला पाहिजेत? आन न्हाई दिले तर काय होईल?"

"नायक, बाकीच्या शाळांच्या नोंदी चुकल्यात. त्या कुणीतरी..."

"ज्यांच्या चुकल्या त्यांनाच बसवा की. आमचा मास्तर तुमी त्यांच्या चुकीला बांधून ठिवला."

आणि अनुसयाबाई म्हणाली, "एकवीस लेकरं आमी खरी दिली, साहेब. तुमी मास्तर कागदावरचा दिला."

देविदास सर मान खाली घालून उभे होते. अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडं बघून विचारलं, "काय हो, हे तुम्ही शिकवून आणलं?"

"यातलं काही मी शिकवलं," सर म्हणाले. "पण सगळं नाही."

अधिकारी हसले, मग टेबलावरचे कागद सरळ करत बसले. आदेश मागं घेता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. मागं घेतला तर तो काढलाच कशाला, असं वरून विचारतील. मात्र त्यात 'अंशतः बदल' करता येतो. त्या अंशतः बदलानुसार देविदास सर पूर्ण वेळ खांडीच्या तांड्यावर राहतील आणि शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर ज्यांच्या नोंदी चुकल्यात त्या शिक्षकांना तिथंच शिकवतील. सरांचे शनिवार गेले. पहिल्या शनिवारी भागवत गुरुजी टाकीच्या ओट्यावर घाम पुसत म्हणाले, "सर, तुम्ही भरून दिलं असतं तर मी एवढा टेक कशाला चढलो असतो?" सरांनी त्यांच्या हातात टॅब दिला.

पण सोमवारची गोष्ट त्याआधीची. बाजारानंतरच्या सोमवारी सर नेहमीच्या वेळेला शाळेत आले. मोटरसायकल लिंबाखाली लावली. दारातल्या लेकराशी गोरमाटीत बोलले, ते उठून आत गेलं. निलमनं विचारलं, "सर, आता परत जाणार का?"

"नव्या कागदावरही 'पुढील आदेशापर्यंत' लिहिलंय," सर म्हणाले.

"म्हणजे किती दिवस?"

"ते मलाही माहीत नाही."

चौथीच्या वह्या बघितल्या तर भागाकार महिनाभरापूर्वी सोडला होता तिथंच होता. आधी टाकी आणि मग कचेरी, या सगळ्या डिजिटलच्या गडबडीत तो राहूनच गेला होता. उत्तमसिंगांच्या नातवाला पुढचा अंक खाली उतरवायचा, हेसुद्धा आठवत नव्हतं. सरांनी वरचं बटण नीट केलं, खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, शहाण्णव भागिले चार. आवाज नेहमीसारखाच हळू होता. मागच्या रांगेतली पोरं पुढं सरकून बसली.